उजवीकडची वायर

१

टेप संपली तशी, जुन्या टेपा संगणकात उतरवून घेणाऱ्या टेपबाईंनी हेडफोन काढले, डोळे पुसले आणि उतरवलेलं रेकॉर्डिंग तपासायला घेतलं. सुरुवात होती. मधलं थोडं होतं. पुढे काहीच नव्हतं. पडद्यावरचे आकडे शेवटपर्यंत पळत राहिले होते, पण आत आवाज म्हणून उतरलाच नव्हता.

दुसरी कुठली टेप असती तर त्यांनी कपाळावर हात मारून परत लावली असती. ही परत लागणार नव्हती. जुन्या टेपेवरचा तपकिरी लेप वाजता वाजताच सुटला होता आणि मशीनखाली त्याची भुकटी सांडली होती. रिळावर नुसतं प्लास्टिक उरलं होतं. ही एकदाच वाजेल, हे टेपबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. टेपेत एका वृद्ध बाईंच्या आईचा आवाज होता आणि तो जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

जुने आवाज जपून ठेवणाऱ्या संस्थेत असं व्हावं, म्हणजे काय म्हणायचं!

काही दिवसांनी मला मामांचा फोन आला. ते त्या संस्थेच्या मशीन रूमचे प्रमुख. "पोरी, जरा ये. संचालक बाहेरच्या माणसाकडूनच चौकशी हवी म्हणून हटून बसलेत. मी म्हटलं, माझी भाची हेच काम करते, तिलाच बोलावू."

मशीन का बंद पडलं ते शोधणं हे माझं पोट भरायचं साधन, आणि ते मला मामांनीच शिकवलेलं. आपलाच मामा, आपलीच चौकशी, हे बरं दिसत नाही, एवढी अक्कल मला होती. पण मामांनी विश्वासाने बोलावलं म्हणून मी फुगले आणि गेले.

दारातच संचालक भेटले. उंच, इस्त्रीचा शर्ट, आवाज चढलेला.

"चौकशी कसली करायची? मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या पडद्यावरचं सगळं गेलं म्हणून धावत आत गेलो तर तो एसीवाला कपाटामागे वायर हातात धरून उभा! तुमचा निष्कर्ष फक्त लेखी हवा. संध्याकाळी तो हातात आला की या एसीवाल्याला कुठेही उभं करू नका म्हणून सगळ्या इमारतींना कळवतो."

"आणि तो निर्दोष असला तर?"

"मग कपाट काय भुताने बंद पाडलं?" असं म्हणून ते निघूनही गेले.

२

मशीन रूममध्ये मामा माझी वाट पाहत होते. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बाथरूममध्ये घसरले होते म्हणे, या प्रकाराच्या आधीच. डाव्या हाताने त्यांनी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला आणि निम्मा बशीत सांडला.

"बघ, साधा चहा देता येत नाही. संचालकांना म्हटलं, माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या बाबा. पण एका हाताचा माणूस दोन वायरी ओढणार कशा?"

मी हसले. मामांच्या विनोदावर हसायची मला लहानपणापासूनची सवय.

दोन वायरींचं सांगते, कारण सगळं कोडं तिथेच आहे. संस्थेतले सगळे आवाज एका युनिक्स सर्व्हरमधून डिस्कच्या कपाटात जातात. मधे दोन वायरी, घराला दोन दारं असावीत तशा. मल्टिपाथ नावाची एक व्यवस्था निम्मी ये-जा एका वायरीने ठेवते, निम्मी दुसरीने, म्हणजे कुठे गर्दी होत नाही. एक वायर निघाली तर ती सगळा भार मुकाट्याने दुसरीवर टाकते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणजे सर्व्हरला कपाट दिसेनासं व्हायला दोन्ही वायरी एकदम जायला हव्यात.

आणि त्या दिवशी कपाट दिसेनासं झालं होतं; चालू रेकॉर्डिंग एकदा तुटलं की वायर परत बसवूनही ते पुढे उतरत नाही.

"मी टेपेच्या मालकीणबाईंना माझ्या केबिनमध्ये चहाला बसवलं होतं," मामा म्हणाले. "सहज आत डोकावलो तर कपाटामागे वायर लोंबतेय. मला एका हाताने बसवता येईना, म्हणून एसीवाल्यालाच म्हटलं, बसव. शिडी उचलताना त्याचाच धक्का लागला असणार. गरीब आहे बिचारा, मुद्दाम नाही केलं त्याने. पण झालं खरं."

त्यांनी 'गरीब बिचारा' म्हटल्यावर मला मामांचा अभिमानच वाटला. आता आठवलं की कान गरम होतात.

मी कपाटाचं मागचं दार उघडलं. दोन वायरी दोन कडांनी खाली उतरत होत्या, एक अगदी डावीकडे, एक अगदी उजवीकडे. दोन्हींच्या मधे माझे दोन्ही हात पसरावे लागावेत एवढं अंतर. एका धक्क्यात दोन्ही निघाल्या असतील, तर ती शिडी होती की हत्ती?

डाव्या वायरीच्या टोकावर धूळ बसलेली होती आणि धुळीत बोटांचे ठसे. उजव्या वायरीचं टोक मात्र लख्ख. धुळीचा कण नाही. तिची प्लास्टिकची खिट्टी झिजून तुटलेली आणि वर चिकटपट्टी गुंडाळलेली. ती पट्टीसुद्धा जुनी, कडा काळवंडलेल्या. डावीच्या सॉकेटशेजारी हिरवा दिवा लुकलुकत होता. उजवीशेजारी अंधार.

मी ती वायर काढून टोकाला तपासायचं यंत्र लावलं. पलीकडून प्रकाश येतच नव्हता. प्रकाश वाहून नेणारी आतली काच तुटली होती.

"मामा, ही मेलेली आहे!"

"म्हणजे धक्क्याने तुटली," मामा पटकन म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले.

३

एसीवाला बाहेर जिन्यात हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मला पाहून उठला नाही.

"ताई, किती जणांना तेच तेच सांगू? मी शिडीवर होतो, मुंडकं छताच्या आत. खाली काय चाललंय ते मला काय दिसणार? मशीन रूमचे साहेब ओरडले, लवकर ये, ही बसव. उतरलो, बसवली, आणि तेवढ्यात संचालक आले. चांगुलपणा करायला गेलो आणि तोंडघशी पडलो. परवा मुलाच्या शाळेत एक जण मला विचारतो, तुम्हीच का ते आवाज पुसणारे?"

"किती वायरी लोंबत होत्या?"

"एक. डावीकडची. दुसरी जागच्या जागी होती. मी आंधळा नाही."

"आणि शिडी?"

"समोरच्या भिंतीला. कपाटापासून ही लांब." त्याने हात दाखवला. "साहेबांनाच विचारा की. ते कपाटापाशीच होते."

"एकटेच?"

"शिडीवरून धडपडत उतरत होतो हो, कोण कुठे उभं होतं ते कुठे बघू!"

एकच वायर निघाली आणि कपाट गेलं. म्हणजे दुसरी तेव्हा आधीच मेलेली असणार. पण कधीपासून?

याचं उत्तर टेपबाईंनी दिलं, तेही मी विचारलेलं नसताना. त्या रडून रडून बसलेल्या आवाजात कामाचं रडगाणं सांगत होत्या. "तुमच्या मामांना कितीदा म्हटलं, रेकॉर्डिंग कपाटात जायला आता दुप्पट वेळ लागतो. पूर्वी असं नव्हतं. ते म्हणायचे, भार वाढलाय. कुठून वाढणार? मी एकटी, मशीन एक, टेपा त्याच!"

"हे कधीपासून?"

"ती परदेशी मंडळी बघायला येऊन गेली ना, त्यानंतर. उन्हाळा होता तेव्हा."

आता पंखे बंद करून स्वेटर घालायचे दिवस होते. निम्मा वेग म्हणजे दोन दारांपैकी एकच उघडं. उजवीकडची वायर त्या दिवशी तुटली नव्हती. ती कित्येक महिने मेलेली होती आणि एवढ्या मोठ्या संस्थेत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तसं कसं होईल? मार्ग बंद पडला की ऑपरेटरच्या पडद्यावर लाल इशारा येतो. मी ऑपरेटरकडे गेले. हा गृहस्थ चांगला पन्नाशीचा, पण सगळे त्याला 'डुलकी' म्हणत, आणि का म्हणत ते त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं.

"लाल इशारा? येतो ना," डुलकी म्हणाला. "मी बंद करतो."

"बंद करता?"

"अहो, पाहुणे आले की तो येतोच! पाहुणे आत, इशारा वर. पहिल्या पहिल्यांदा मी धावत जायचो. मग माझं हसं व्हायला लागलं. म्हणून मग आला की गप्प करून टाकायचा. उन्हाळ्यात एकदा आला तो जाईचना, तेव्हा कायमचाच गप्प करून टाकला."

"पाहुण्यांचा आणि इशाऱ्याचा काय संबंध?"

डुलकीची झोप उडाली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मामांच्या केबिनच्या दाराकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या चपलांकडे.

"ते मला विचारू नका, ताई. तुम्ही घरच्या आहात."

४

खरं सांगते, त्या क्षणी मला निघून जावंसं वाटलं. एसीवाल्याच्या नावापुढे फुली मारायची, सही करायची आणि घर गाठायचं. तो काय, दुसरीकडे कुठेतरी काम शोधेल, असंही मनात आलं. हा विचार माझ्याच डोक्यात आला, दुसऱ्या कुणाच्या नाही, आणि त्याची मला एवढी लाज वाटली की मी तिथून उठून थेट टेपेच्या मालकीणबाईंचं घर गाठलं.

बाई एकट्या राहत होत्या. तीन खोल्या, खिडकीत कपडे वाळत घातलेले, टेबलावर औषधांचे डबे. मी कोण, कशाला आले, ते सांगितलं तर त्यांनी हात जोडले.

"माझंच चुकलं हो," त्या म्हणाल्या. "संस्थेतल्या त्या बिचाऱ्यांना कशाला त्रास देता?"

"तुमचं काय चुकलं?"

"मी शंका काढली. टेप लावली आणि माझा जीव घाबरा झाला. तुमच्या साहेबांना म्हटलं, एवढं सगळं त्या मशीनमध्ये जाणार, आणि मशीनच बिघडलं तर? शुभ बोलायच्या वेळी मी हे बोलले आणि तसंच झालं."

"साहेब काय म्हणाले?"

"किती चांगले आहेत ते! म्हणाले, चला, तुमची भीतीच घालवतो. मी म्हटलं, आईचा आवाज ऐकायचाय. ते म्हणाले, तो आता कायमचा राहणार आहे, घरी बसून ऐका, पण हे बघाच. आणि मला त्या थंड खोलीत घेऊन गेले."

केबिनमध्ये नाही. चहाला नाही. मी जपून विचारलं, "तिथे काय दाखवलं?"

"एक वायर काढून दाखवली."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही. आणि त्यात सांगण्यासारखं काय आहे?" बाई निरागसपणे म्हणाल्या. "वायर काढली तरी काही होत नाही, असं तेच म्हणाले की. तेच तर दाखवायला नेलं होतं मला."

मी पाणी मागितलं. बाई आणायला आत गेल्या तेव्हा मी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले.

५

परत आले तेव्हा मामा केबिनमध्ये एकटे होते. मी दार लावून घेतलं.

"मामा, उठा आणि कपाटामागे उभे राहायचात तसे उभे राहा. पाहुण्यांना जादू दाखवताना राहता तसे."

त्यांचा चेहरा उतरला. उठले नाहीत.

"मीच सांगते," मी म्हटलं. "डाव्या हाताने दार धरायचं आणि उजवा हात आत घालायचा. हाताला लागते उजवीकडची वायर. ती ओढायची, पाहुण्यांपुढे नाचवायची. बघा, वायर माझ्या हातात आणि काम चालूच! टाळ्या. परत बसवायची. पुढचा पाहुणा, परत तीच वायर. खिट्टी तुटली, चिकटपट्टी लावली. काचेची वायर ती, मामा! तुम्हीच मला शिकवलंत की तिला बाळासारखं हाताळायचं. उन्हाळ्यात त्या परदेशी मंडळींसमोर ती ओढताना तुटली, ती तुटलीच. तेव्हापासून सगळा भार डावीवर."

"पण त्यानंतरही मी कितीदा..." मामा बोलता बोलता थांबले.

"त्यानंतरही जादू चालायची. चालणारच! मेलेली वायर काढल्यावर काय बिघडणार? तुम्ही मेलेली वायर ओढून दाखवत होता आणि म्हणत होता, बघा आम्ही किती सुरक्षित आहोत. इशारा जाईना तरी डुलकीला वाटलं, साहेबांचे पाहुणेच असतील, आणि त्याने तो कायमचा गप्प केला. मग तुमचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. त्या दिवशी दार उजव्या कोपराने अडवलंत आणि डावा हात आत घातलात. डाव्या हाताला डावी वायर लागली. काम करणारी एकच उरली होती, तीच तुम्ही ओढलीत. आणि एका हाताने ती परत बसेना."

मामांनी डोळे मिटले. "डाव्या हाताने जमेना गं. बसेचना. किती वेळ गेला... त्या बाई शेजारी उभ्या. मला वाटलं, दुसरी आहे, ती सांभाळेल."

"ते मी समजू शकते. चूक कुणाचीही होते. पण एसीवाल्याला खाली बोलावून त्याच्या हातात वायर दिलीत, आणि संचालक आत आल्यावर गप्प राहिलात."

"त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं, मी नाही. मला वाटलं, जरा वेळाने सांगू. मग तो जरा वेळ निघूनच गेला." मामा खिडकीकडे वळले. "निवृत्तीला आलोय. सगळे मान देतात. या वयात लोकांनी म्हणावं, म्हाताऱ्याने पोरखेळ करून आवाज घालवला?"

"आणि मला का बोलावलंत?"

त्यांनी प्लास्टरची कड उगाच चाचपली.

"मला काही सापडणार नाही म्हणून? की सापडलं तरी मी बोलणार नाही म्हणून?"

"तू माझी आहेस म्हणून," मामा जमिनीकडे बघत म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी मला काम शिकवलं, त्यांनीच माझी किंमत एवढी केली होती. आणि सकाळी मी त्यांच्या विनोदावर हसत होते, म्हणजे किंमत फारशी चुकलीही नव्हती.

"संध्याकाळी संचालकांच्या खोलीत सगळे असतील," मी म्हटलं. "तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि ते तुम्हाला जास्त लागेल."

६

संचालकांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. एसीवाला उभाच राहिला, पिशवी खांद्याला. टेपबाई आणि डुलकी भिंतीला टेकून. बाईंना मी स्वतः जाऊन घेऊन आले होते, त्या खिडकीशी बसल्या.

संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं. "हं, निष्कर्ष?"

मी मामांकडे पाहिलं. मी तोंड उघडणार एवढ्यात मामा उठले.

"वायर मी काढली," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाहुण्यांची जादू, तुटलेली खिट्टी, चिकटपट्टी, डावा हात. मधे मधे अडखळले, पण गाळलं काही नाही. डुलकीने आपणहून इशारा बंद केल्याचं सांगून टाकलं आणि कान धरले. कुणी हसलं नाही. संचालक आधी लाल झाले, मग पांढरे पडले. जादू पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांत ते स्वतःही असायचे आणि पाहुण्यांना आग्रहाने आत पाठवायचे, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"मला सगळ्यांसमोर बोलला होतात," एसीवाला त्यांना म्हणाला. "आता हे पण सगळ्यांसमोर सांगायचं. खालच्या मजल्यावर, कॅन्टीनमध्ये, सगळीकडे."

"हो, हो, नक्कीच," संचालक पुटपुटले.

"नक्कीच नको. आत्ता चला." त्याने दार उघडून धरलं. संचालक मुकाट्याने त्याच्या मागे गेले. टेपबाई आणि डुलकीही बाहेर पडले.

खोलीत आम्ही तिघं उरलो. मामा बाईंसमोर जाऊन उभे राहिले. एका हाताने नमस्कार करता येईना, म्हणून नुसता हात छातीशी धरला.

"बाई, माझ्यामुळे तुमच्या आईचा आवाज गेला. मला माफ करा."

बाईंनी मान हलवली. "टेप तशी मरायलाच टेकली होती. तुम्ही मला धीर द्यायला गेलात आणि हातून चूक झाली. त्याचा मला राग नाही."

मामांनी सुटकेचा श्वास सोडला. मला ऐकू आला तो.

"पण त्या दिवशी मला गाडीत बसवायला तुम्ही खाली आला होतात," बाई पुढे म्हणाल्या. "मी रडत होते. म्हणत होते, माझ्याच जिभेला हाड नाही, मीच अभद्र बोलले. तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून काय म्हणालात, आठवतंय? म्हणालात, जाऊ द्या, आता मनाला लावून घेऊ नका."

मामांनी छातीशी धरलेला हात खाली घेतला.

"तेव्हापासून मी रोज सकाळी उठून स्वतःला शिव्या देते. आईच्या फोटोकडे बघायचं सोडलंय मी. आवाज कुणी घालवला ते तुम्हाला माहीत होतं. मग मला तसं का वाटू दिलंत?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोल म्हणून. मला बोलता आलं असतं. ते घाबरले होते, वय झालंय, असं काहीबाही. मी मान खाली घातली आणि बाईंसारखीच त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसले.